मागून येणारा ‘हां’

लोटननानांशी बोलायचं तर मध्ये मध्ये ‘हां’ म्हणावं लागायचं. एक वाक्य बोलून ते थांबत. समोरच्यानं ‘हां’ म्हटलं की पुढचं वाक्य येई. म्हटलं नाही तर गोष्ट तिथंच उभी. मान डोलावून भागत नसे, कारण नाना बोलताना समोरच्याकडे बघतच नसत. नजर कायम पुढे, जमिनीवर, जणू चालताहेत. गावात नव्यानं आलेला तलाठी एकदा त्यांच्याकडे चौकशीला आला आणि गप्प बसून ऐकत राहिला. नानाही गप्प. बराच वेळ दोघं ओट्यावर तसेच बसलेले. शेवटी तलाठी उठून गेला आणि नाना मला म्हणाले, “मानूस चांगला शे. पन मांगे कोनी नही त्याना.”

ही सवय कुठून आली ते आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, तापीच्या खोऱ्यात. माझे वडील गावच्या शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहायचे. मजुरीवर, दारूबंदीवर, पाण्यावर. गठ्ठे घरात पडलेले असत. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. आमच्या घरामागे भोईगल्ली, आणि तिच्या तोंडाशी दोन दारं शेजारी शेजारी: एक लोटननानांचं, एक त्यांचे धाकटे भाऊ हिलालआबा यांचं.

दोघं मिळून मासे धरत आणि मिळून वाहत. नदी गावापासून लांब. मध्ये तापीकाठच्या खोल घळी, एक नाला, मग बाभळी. त्या वाटेनं बैलगाडी जात नाही, मोटरसायकल तर नाहीच. मासा थोडा असला तर डोक्यावर पाटी. जास्त असला तर मोठी डालकी दोरानं बांबूला टांगायची आणि बांबू दोघांच्या खांद्यावर. त्या बांबूला ते दांडी म्हणत. पुढे नाना, मागे आबा. मागच्याला समोर फक्त डालकी दिसते, पायाखालचं काही दिसत नाही. म्हणून पुढच्यानं रस्ता सांगायचा. “धोंडा. डावा.” मागचा म्हणणार, “हां.” “पानी.” “हां.” “उतार.” “हां.” आणि मागून ‘हां’ आल्याशिवाय पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर दोघंही पडतात.

ही पद्धत डोलीची. नानांच्या आजोबांनी नवऱ्या वाहिल्या होत्या, आणि नवऱ्यांपेक्षा जड असलेले सावकार आणि साहेबही. मी कॉलेजात असताना यावर एक पत्रक लिहिलं. पालखीत बसलेल्यांची नावं चौकांना दिली जातात, पालखीखालच्या खांद्यांची नावं कुणी विचारलीत का, असं त्यात होतं. आजही मला त्यातला शब्द बदलावासा वाटत नाही. ते मी नानांना ओट्यावर बसून वाचून दाखवलं. त्यांनी प्रत्येक वाक्याला न चुकता ‘हां’ म्हटलं. मला वाटलं, पटतंय. वाचून झाल्यावर म्हणाले, “चांगलं शे. पन तू पुढे चालीसन आरडी राहिनी. मांगे कोन शे?”

“लोक आहेत, नाना.”

“हां म्हनतस का त्या?”

मी पत्रकाची घडी घातली.

नानांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता. नवा सदरा आणला की अंगात घालायच्या आधी ते खांद्याला वरून दुहेरी कापड लावून घेत. बाकी सदरा विरून जाई, खांदा टिकून राही. लग्नकार्यातही ठिगळ. काकू असताना त्या चिडत. काकू गेल्यावर ठिगळ नाना स्वतःच लावत, आणि टाके जाळ्याच्या गाठींसारखे येत. मूलबाळ नव्हतं.

एकदा शिरपूरच्या एसटीत आम्ही बरोबर होतो. त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली, आणि गाडी गावाबाहेर पडताच यांचं सुरू. “खड्डा. उजवा.” थांबले. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं. “ब्रेकर.” मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलांना खेळ कळला. ती एका सुरात ‘हां’ म्हणू लागली. अर्धी गाडी सामील झाली. ड्रायव्हर म्हणाला, “नाना, गाडी तुम्ही चालवा, मी मांगे बसस.”

“मांगे बसशी ते ‘हां’ म्हनानं पडी,” नाना म्हणाले. ते हसत नव्हते. त्यांना तो सौदा मान्य होता.

आता दोघा भावांच्या अबोल्याचं सांगायला हवं. हिलालआबांचा मुलगा संजय बारावी झाला आणि आबांनी त्याला धुळ्याला आयटीआयला घातलं. नाना धरून चालले होते की दांडीचं एक टोक पुढेमागे संजयच्या खांद्यावर येईल. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण त्या वर्षी नवा बांबू आणून तेल पाजून ठेवला होता. पारावर कुणीतरी आबांना विचारलं, पोराला नदीवर का नाही नेत? आबा म्हणाले, “मन्हा पोऱ्याना खांदाले घट्टा नको.” नाना तिथंच बसले होते. ते उठले, सदऱ्याचं खांद्यावरचं ठिगळ नीट केलं आणि घरी गेले. त्या दिवसापासून बोलणं बंद.

हिलालआबांचं बरोबर होतं. मी हे ठासून लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की मी जातीच्या धंद्याचे गोडवे गाते आहे. बापाच्या खांद्यावरचा बांबू मुलाच्या खांद्यावर यायलाच हवा असं म्हणणारी जी जुनी व्यवस्था, तिला मोडणारं ते वाक्य होतं. माझ्या वडिलांच्या कुठल्याही पत्रकात शोभलं असतं. पण ज्याच्या खांद्यावर घट्टा होता तो माणूस समोर बसलेला होता.

बोलणं बंद, काम चालू. रोज पहाटे दोघं आपापल्या दारातून निघत, एकमेकांकडे न बघता नदीवर जात, जाळं दोन टोकांनी धरत, आणि परत येताना दांडी खांद्यावर घेत. मग बोलावं लागेच. “धोंडा. डावा.” “हां.” “पानी.” “हां.” दिवसभरात दोघा भावांमध्ये एवढेच शब्द. वर्षानुवर्षं.

अर्थात नानांनी त्यातही जागा काढली. घळ चढताना ते म्हणत, “धोंडा. मोठला. शहरमा शिकाले जायेल शे.” मागून नुसता ‘हां’. संजयला धुळ्यातच, देवपूरमध्ये, मोटारींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली तेव्हा, “काटा. पगारी काटा.” ‘हां’. आबा कधीच उलट बोलत नसत. एकदाच, आम्ही बायका नाल्यावर धुणं धूत होतो तेव्हा, नाना म्हणाले, “उतार. भलता उतार लागना आपला घरले.” आबा थांबले. दांडी ताणली गेली. मग मागून आलं, “हां. पन पडनं कोनीच नही.” धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

मग आबांचे गुडघे गेले. घळ चढवेना. संजय एक दिवस रिक्षा घेऊन आला, आईबापांचं सामान भरलं. गल्ली जमली. नाना आपल्या ओट्यावर गल्लीकडे पाठ करून जाळं विणत बसले होते. आबा रिक्षात बसण्याआधी थोडा वेळ नुसते उभे राहिले. बोलणार कसे? दांडी नव्हती खांद्यावर. रिक्षा सुरू झाली, गल्लीच्या उखडलेल्या फरशीवरून हेलकावे खात निघाली, तेव्हा नाना जाळ्यावरची नजर न उचलता म्हणाले, “धोंडा. उजवा.”

मी शेजारीच उभी होते. रिक्षाचा आवाज मोठा होता. आतून काही आलं की नाही, मला सांगता येणार नाही. नाना मात्र बराच वेळ पुढची गाठ न मारता बसून राहिले.

त्यानंतर नाना एकटे नदीवर जात. बरेच भोई तोवर ठेकेदाराच्या नव्या धक्क्यावर जाऊ लागले होते. तिथपर्यंत पक्का रस्ता, प्लास्टिकचे क्रेट, पिकअप. पण मासा ठेकेदारालाच द्यायचा, तो म्हणेल त्या भावानं. नाना तिकडे गेले नाहीत. मला अभिमान वाटला. मी त्यांना म्हटलं, हाच खरा लढा. ते म्हणाले, “लढा नही व माय. तठे रांगमा उभं राहनं पडस.” आपला मासा ते पारावर येणाऱ्या एका छोट्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत घालत. टेम्पो सकाळी येई आणि ऊन चढायच्या आत निघून जाई.

मासा जास्त असला की नाना त्याचे दोन भाग करत. एक पाटी उचलून, दुसरी नजरेआड होणार नाही इतकीच पुढे नेऊन ठेवायची. परत येऊन दुसरी उचलायची, पहिलीच्या पुढे नेऊन ठेवायची. पुन्हा मागे. कावळे आणि कुत्री दोन्हीकडे. एकाच माणसानं एकच वाट पुन्हा पुन्हा चालायची. गावाला वाटलं होतं, म्हातारा आता वाटेनं एकटाच ‘धोंडा, पानी’ बडबडत येणार, आणि पोरं टपून बसली होती. पण एकटे चालताना नाना एक शब्द बोलत नसत. कुणाला सांगायचा रस्ता? पुढे पुढे ओट्यावरच्या त्यांच्या गोष्टीही पहिल्या वाक्यावर थांबायला लागल्या. आम्ही ‘हां’ म्हटलं तरी.

मी तेव्हा देवपूरला कॉलेजात होते. अधूनमधून आबांकडे जाई. दुसऱ्या मजल्यावरची खोली, खाली रुंद रस्ता. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. संजयची आई चहा आणे. आबा भावाचं नाव घेत नसत. विचारत, “रस्ता कसा शे?”

“तसाच आहे, आबा.”

“नालामधला धोंडा काढा का कोनी?”

“नाही. अजून तिथंच आहे.”

“हां,” आबा म्हणत, आणि त्यांना बरं वाटल्यासारखं दिसे.

सुट्टीत गावी आले की नाना भावाचं नाव घेत नसत. विचारत, “देवपूरना रस्ता कसा शे?”

“डांबरी. सपाट.”

“मंग तो तठे काय बोलत व्हई,” नाना म्हणत, आणि जाळं पुढे ओढत.

पुढे मी जळगावला नोकरीला गेले. नाना गेल्याचं तिथंच कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. त्यामुळे माझं त्यांचं शेवटचं पाहणं त्याआधीच्या दिवाळीच्या सुट्टीतलं.

खालच्या बॅरेजचे दरवाजे उघडले होते. पाणी एकदम उतरलं की मासा डोहात गोळा होतो. मी सकाळी सहज नदीवर गेले, तर नाना काठावर बसलेले आणि शेजारी मासळीचा ढीग. कटले, रोहू, मांडीएवढे. वरचे अजून तोंड मिटत उघडत होते. इतका मासा मी त्यांच्याकडे त्याआधी कधी पाहिला नव्हता. शेजारी मोठी डालकी होती, आणि दांडी. आबा गेल्यापासून दांडी आढ्याला टांगलेली होती. त्या दिवशी ती एकट्यानं नदीवर का आणली, ते मी विचारलं नाही.

“पाट्यांनी नेईपर्यंत दुपार होईल, नाना. सगळं नरम पडेल. मी धरते मागची बाजू.”

“दांडीले बाई लागत नही.”

मी जे काही बोलले ते इथं लिहीत नाही. पत्रकात बसेल इतकं लांब होतं. नानांनी ते ऐकून घेतलं, एकदाही ‘हां’ म्हटलं नाही. मग डालकी भरायला लागले. भरून झाल्यावर म्हणाले, “धर. पन बोलानं नही.”

दांडी खांद्यावर आली तेव्हा मला कळलं की आजवर मी ओझं हा शब्द नुसता लिहीत आले होते. मान आपोआप वाकडी झाली. समोर डालकी, डालकीवर नानांची पाठ, आणि खांद्यावरचं ठिगळ. बाकी काही दिसेना.

“धोंडा. डावा,” नाना म्हणाले, आणि थांबले.

“हां,” मी म्हटलं.

त्यांनी दांडी खाली ठेवली. “तुले रस्ता माहीत नही. तुन्हा ‘हां’ कसाले धरू?”

तेव्हा मी ओढणीच्या गाठीतून फोन काढला आणि संजयनं बापाला घेऊन दिलेल्या फोनवर लावला. आवाज मोठा केला.

“कोन?” आबांचा आवाज.

“मी, मास्तरांची पोर. आबा, आम्ही डोहावर आहोत. मासा खूप आहे. दांडीची मागची बाजू माझ्याकडे आहे आणि नाना पुढे पाऊल टाकत नाहीत.”

पलीकडून फक्त गॅलरीखालचे हॉर्न ऐकू येत होते. नाना माझ्याकडे पाठ करून उभे. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“वझं शे,” नाना म्हणाले. हवेला म्हणावं तसं.

देवपूरहून काही येईना. मग आलं, “हां.”

मी फोन ओढणीत छातीशी बांधला. आम्ही दांडी उचलली.

“धोंडा. डावा.”

“हां.”

“चढ.”

“हां.”

घळ चढलो. मला कुणी काही विचारत नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये मी फक्त एक खांदा होते. एका वळणावर नाना बोलायच्या आतच फोनमधून ‘हां’ आला. आबांना पाठ होतं आता काय येणार. नाना थबकले. आधी आलेला ‘हां’ चालत नाही. त्यांनी मुद्दाम वेळ घेतला, मग सावकाश म्हणाले, “काटा.” पलीकडून जरा पडेल आवाजात, “हां.”

नाल्यात उतरलो आणि रेंज गेली. “पानी,” नाना म्हणाले आणि उभे राहिले. पाणी घोट्यापर्यंत. डालकीतून थेंब गळत होते. माझा खांदा जळत होता.

“हां,” मी म्हटलं.

“तुले कोन इचारं?”

मी एका हातानं दांडी सावरत दुसऱ्या हातानं पुन्हा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाना हलले नाहीत. वझं खांद्यावर, पाणी पायात, नजर पुढे. शेवटी लागला.

“कठे ऊनात?” आबांनी मला विचारलं. ते धापा टाकत होते, जसे काही चालतच होते.

“नाल्यात.”

“पानी,” नाना पुन्हा म्हणाले.

“हां.”

नाला ओलांडला की बाभळी आणि बाभळींनंतर वाटेला दोन फाटे. उजवा सरळ गावात, पारावर उतरतो. डावा कपाशीच्या शेतांमधून गावाला लांब वळसा घालतो. तिथं पोचलो तेव्हा पारावरून टेम्पोचा हॉर्न आला. निघायच्या आधीचा तो नेहमीचा, लांब हॉर्न. तो फोनमधूनही पलीकडे गेला असणार. आबांना त्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळत होता.

नाना थांबले. उजवीकडे उतरलं की पार. दांडी खाली ठेवायची, मग सांगायला रस्ता नाही.

“वळन,” नाना म्हणाले. पुन्हा थांबले. “डावं.”

फोन गप्प. मला वाटलं, रेंज गेली. मान वळवून ओढणीत पाहिलं. फोन चालू होता. देवपूरचे हॉर्न येत होते. एक गाडी जाऊन दुसरी गेली.

“हां,” आबा म्हणाले.

आम्ही डावीकडे वळलो. मागे टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात विरला. डालकीत आता काही हलत नव्हतं. ऊन पाठीवर आलं होतं, कपाशी दोन्ही बाजूंना फुटलेली, आणि मधली गाडीवाट नांगरून फळी फिरवल्यासारखी सपाट. मला समोर नानांची पाठ दिसत होती, घामानं भिजलेली, आणि ते जाळ्याच्या गाठींसारखे टाके. त्यांचा चेहरा मी त्या सकाळी पुन्हा पाहिला नाही.

“धोंडा,” नाना म्हणाले. “डावा.”

मी डालकीच्या बाजूनं वाकून पाहिलं. वाटेवर काहीच नव्हतं.

“हां,” मागून आवाज आला.